न मिटलेला चाकू

प्रिय क्लोविस,

लिऑनच्या कचेरीत दारावरच्या रखवालदाराने तुझा चाकू काढून घेतला, हे वाचून हसू आलं आणि रागही. म्हणजे अजून खिशात बाळगतोस तर! इतकी वर्षं शहरात काढलीस, तरी आपल्या ओब्राकच्या डोंगरातली खोड गेली नाही.

बाबांचंही तेच. चर्च असो, गुरांचा बाजार असो, शिंगाच्या मुठीचा तो घडीचा चाकू उजव्या खिशात असायचाच. माझ्या लग्नात हॉटेलवाल्याने प्रत्येक ताटाशेजारी चकचकीत सुरी मांडली होती. बाबांनी ती बाजूला सारून आपला चाकू काढला. सासूबाई कुजबुजल्या, "व्याही बोकड कापायला आलेत की काय?" बाबांनी मांसाचा सगळ्यात मऊ तुकडा कापून त्यांनाच वाढला.

आपल्या घरी जेवण संपायचं तेही त्याच चाकूने. बाबांनी तो कट्‌कन मिटला की सगळ्यांनी उठायचं, ताटात काही का असेना. म्हणून तर तू भराभर गिळायचास. त्या रविवारी मात्र तू बोलत बसलास. "मला नाही गाई राखायच्या. मी लिऑनला चाललो." तुझं चीज ताटात तसंच होतं आणि बाबांनी चाकू मिटला. तू उठलास तो उठलासच. एकोणीस वर्षं झाली.

तुला एक कधी सांगितलं नाही. त्या दिवसापासून बाबांनी टेबलावर चाकू मिटलाच नाही. उघडाच गोठ्यात नेऊन तिथे मिटायचे. आई करवादायची, "कुणाचं बोट तुटेल एखाद्या दिवशी!" आणि आम्ही, आता उठायचं की नाही, म्हणून एकमेकांची तोंडं बघत बसायचो.

गेल्या महिन्यापासून ते वृद्धाश्रमात आहेत, हे कळवलंच होतं. तिथे चाकू चालत नाही, तो माझ्याकडे दिलाय. दुपारी सगळे जेवून उठतात, बाबा बसूनच राहतात. काल तिथली मुलगी म्हणाली, "आजोबा, झालं ना जेवून? उठा की आता." तर म्हणाले, "थांब गं. धाकट्याचं चीज राहिलंय."

मला तिथे उभं राहवेना रे. डॉक्टर म्हणतात, फार दिवस धरून चालू नका. येत्या रविवारी मी त्यांना घरी आणतेय. तू ये. भांडण उकरू नकोस, माफीही मागू नकोस. नुसता बस, सावकाश चीज खा. आणि मग बाबांना चाकू मिटू दे.

तुझीच,
ओदिलताई