सत्तेचाळीस नंबरच्या तावावरची विहीर

प्रिय मित्र खोडरबर यास,

टिंबाचा बसल्या जागेवरून नमस्कार. (साष्टांग घातला असता, पण वाकणं सध्या बंद आहे.) इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो, माझ्या गुडघ्यांना मात्र हे वाक्य वाचून दाखवू नकोस. तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं वहिनींच्या फोनवरून कळलं. आता तुला सगळं स्वच्छ दिसतं म्हणे. जपून राहा, या वयात सगळं स्वच्छ दिसणं प्रकृतीला मानवत नाही. साखर किती आहे ते कळव, आणि खरी कळव. चोवीस वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसून तू माझ्या चुका खोडल्यास, म्हणून निवृत्तीनंतरही तुझं हे नाव मला सोडवत नाही. मी काढलेली टिंबं तर आता मलाच दिसत नाहीत, तरी माझंही नाव तेच राहिलं आहे.

तुला माहीतच आहे की आमच्या हिने नोकरीच्या शेवटच्या दोन वर्षांसाठी स्वतःहून इथल्या इस्पितळात बदली मागून घेतली. तिकडे मेट्रन म्हणून तिचा केवढा दरारा होता. तिच्या चपलेचा आवाज आला की दुखणाईत माणूससुद्धा पांघरूण नीट करून झोपल्याचं सोंग घेत असे. ते राज्य सोडून ती या समुद्राकाठच्या अनोळखी शहरात आली ती केवळ माझ्यासाठी. तिचं म्हणणं असं, की ही सबंध किनारपट्टी मी टेबलावर बसून कागदावर काढली आणि जन्मात एकदाही डोळ्यांनी पाहिली नाही, हा काही न्याय नव्हे. आपल्या नकाशाच्या खात्यात ऊन खात मोजणारे वेगळे आणि पंख्याखाली बसून काढणारे वेगळे, आणि मी दुसऱ्या जातीत जाणूनबुजून शिरलो होतो, हे मी तिला परोपरीने सांगून पाहिलं. पण पालथ्या घड्यावर पाणी.

घर तिसऱ्या मजल्यावर आहे. खिडकीतून समुद्र दिसतो असं घरमालक म्हणाला होता, आणि तो खोटं बोलला नाही. फक्त त्यासाठी न्हाणीघरात स्टुलावर उभं राहावं लागतं. दाणीतलं मीठ दाणीतून पडत नाही आणि बाकी सगळीकडे आपण होऊन येऊन बसतं. कपाटाचं कुलूप असं गंजलं आहे की माझे चांगले कपडे दोन महिने आत अटकेत आहेत. बाहेरच्या खोलीत घड्याळाखाली हिने आपला सत्तेचाळीस नंबरचा ताव चौकट करून लावला आहे. तोच तो, दीपगृहाचा, दलदलीचा आणि दक्षिणेच्या माळाचा. कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘आरेखन’पुढे माझं नाव आहे आणि ‘तपासणी’पुढे तुझं. (तेव्हा तूही यातून सुटलेला नाहीस.) शेजारी दोऱ्याला लाल पेन्सिल टांगलेली आहे, वॉर्डात तापाच्या तक्त्याला असते तशी. दर रविवारी हिची सुट्टी. त्या दिवशी तावावरची एक खूण धरायची, चालत जाऊन ती पाहायची, आणि घरी येऊन तिच्यावर बरोबरची खूण करायची. असे अकरा रविवार झाले. मित्रा, मी दमलो आहे.

उंचीच्या रेषा आठवतात तुला? दर दहा मीटरला एक. दीपगृहाच्या टेकडीवर मी त्या इतक्या जवळजवळ आणि इतक्या सुबक काढल्या होत्या, की साहेबांनी तो ताव हातात धरून सगळ्या टेबलांवरून फिरवला होता. सोळा रेषा, दीड तास आणि दोन कप चहा. त्या सोळा रेषा मी पहिल्या रविवारी पायांनी चढलो. नवव्या रेषेला मी खाली बसलो आणि त्या हलकट आरेखकाला मनातल्या मनात शिव्या दिल्या. हिने माझी नाडी पाहिली, ठीक आहे म्हणाली, आणि पुढे चालू लागली. वर गेल्यावर दीपगृहाच्या आणखी दोनशे चौदा पायऱ्या निघाल्या. त्या नकाशात दाखवायची पद्धतच नाही. हिने दीपगृहाच्या रखवालदाराला मोठ्या अभिमानाने सांगितलं, की हा नकाशा यांनी काढलाय. तिथपर्यंत ती हे बसच्या कंडक्टरला, चहावाल्याला आणि एका उगाच थांबलेल्या बाईला सांगून झाली होती. रखवालदाराने माझ्याकडे नीट पाहिलं आणि दीपगृह दाखवलंत ते ठीक, पण खालचा संडास का नाही दाखवला, अर्धं गाव मला विचारत येतं, असं विचारलं.

दलदलीचा रविवार मी थोडक्यात सांगतो. दलदलीची ती गवताची खूण माझी फार लाडकी, तीन बारीक काड्या आणि खाली एक आडवी रेघ. कोपरा मोकळा दिसत होता म्हणून मी त्या चार-सहा जास्तच काढल्या होत्या. मला वाटलं होतं की त्या जास्तीच्या जागी तरी जमीन कोरडी असेल. माझा डावा बूट तिथेच राहिला आहे. मी गुडघ्यापर्यंत गेल्यावर हिने अजिबात हलू नका असं ज्या आवाजात सांगितलं, त्या आवाजात तिने आजवर शंभर माणसं वाचवली असतील. मी एकशे एकावा. घरी तीन मैल एका बुटात आलो. वाटेत ही मला समजावत होती की बघा, तुम्ही काढलंय अगदी तसंच आहे सगळं. (आणखी एका रविवारी रस्ता एका नव्या भिंतीपाशी संपला. वाट विचारू या, असं ही म्हणाली. मी नकाशा काढणारा माणूस, मी वाट विचारू? मी तिला भिंत चुकीच्या जागी बांधली असल्याचं पटवत पाऊण तास उभा राहिलो. शेवटी एका पोस्टमनने हाताला धरून आम्हाला बसस्टॉपवर नेलं. हिने त्यालाही सांगितलं.)

हे सगळं मी सोसलं असतं. उतारवयात बायकोबरोबर फिरणं हे सुख आहे असं लोक म्हणतात, आणि खरं सांगू, परतीच्या बसमध्ये तिचं डोकं माझ्या खांद्यावर पडतं तेव्हा मलाही तसं वाटतं. पण आता तावावर एकच खूण उरली आहे, आणि तिच्या विचाराने मला गेले आठ दिवस अन्न गोड लागत नाही. ती म्हणजे दक्षिणेच्या माळावरची विहीर.

तू विसरला असशील तर आठवण देतो. एकतीस वर्षांपूर्वी, ताव साहेबांकडे जायच्या दुपारी, माझ्या टाकातून निळ्या शाईचा एक थेंब त्या मोकळ्या माळावर पडला. तू ब्लेडने खरवडून पाहिलंस. कागद फाटायला आला. मग मी कंपास घेतला आणि त्या थेंबाभोवती गोल काढून शेजारी सुरेख अक्षरांत ‘विहीर’ असं लिहिलं. (शाई काळी असती तर घर झालं असतं आणि आज मी सुखी असतो.) विहीर आहे म्हटल्यावर पाणी भरायला कोणीतरी जाणारच, म्हणून मी खालच्या वस्तीपासून तिथवर टिंबांची एक पाऊलवाटही काढली. तू चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलंस, सही केलीस, आणि आपण चहाला गेलो. पुढच्या सगळ्या आवृत्त्यांत ती विहीर तशीच छापून येत गेली, कारण आपल्या खात्यात छापलेलं कोणी खोडत नाही.

इथवर तुझा-माझा गुन्हा सारखा आहे. यापुढचा माझा एकट्याचा. त्याच वर्षी माझं लग्न झालं. नव्या नवरीने विचारलं की एवढ्या मोठ्या नकाशात अगदी तुमचं स्वतःचं असं काय आहे. बाकी सगळं मोजणाऱ्यांनी आणून दिलेलं; माझी स्वतःची अशी ती एकच गोष्ट होती. मी विहिरीवर बोट ठेवलं. समुद्र जवळ असून पाणी कसं गोड आहे, मोजणाऱ्यांच्या नजरेतून ती कशी सुटली होती आणि मी जुनी कागदपत्रं चाळून ती कशी शोधून काढली, हे मी इतकं रंगवून सांगितलं की माझाच विश्वास बसला. तिचाही बसला. थर्मामीटर लावल्याशिवाय कोणाचाही ताप न मानणारी ही बाई, तिने ती विहीर एकतीस वर्षं मानली आहे. म्हणूनच ती तिने शेवटी ठेवली. बरोबर न्यायला तिने एक रिकामी बाटली घासून पालथी घातली आहे, तिथलं पाणी भरून आणायला. मला भीती वाटते, मित्रा. चाळीस वर्षांच्या नोकरीत साहेबांची वाटली नाही एवढी वाटते.

असो. तुझ्या डोळ्यांना ताण देऊ नकोस. हे पत्र थोडं थोडं वाच. वहिनींना नमस्कार, घरातल्या सगळ्यांना आशीर्वाद.

तुझा,
टिंब

ता. क. : मुख्य काम राहिलंच. तू हिला एक स्वतंत्र पत्र लिही. त्यात लिही की ती विहीर मूळची होती, पण पुढे ती बुजवल्याचं तुला खात्यातून कळलं होतं आणि तू मला सांगायला विसरलास. विसरण्याबद्दल तू प्रसिद्धच आहेस, तेव्हा तुझं काही जाणार नाही. दूध उतू जायच्या आत पत्र पोचेल असं बघ, म्हणजे रविवारच्या आधी.

ता. क. दुसरा : हे पत्र टाकायचं राहून गेलं आणि रविवार येऊन गेला. वरची विनंती रद्द समज.

आम्ही गेलो. मी वाटेत तीनदा पाय मुरगळल्याचं सांगितलं; तिने तीनदा तपासून मुरगळला नसल्याचं सांगितलं. वस्तीच्या टोकाला आलो तर माझी पाऊलवाट समोर होती. चांगली रुळलेली, थेट माळावर जाणारी. वर पोचलो तर विहीर होती. दगडी काठ, बाजूला दोन झाडं. मी खुळ्यासारखा हसायला लागलो. देव आहे असंसुद्धा मला वाटून गेलं. हिने बाटली काढली, काठावरून वाकून पाहिलं, आणि बाटली तशीच हातात धरून उभी राहिली.

झाडाखाली एक शेळ्या राखणारा म्हातारा बसला होता. त्यानेच सगळं सांगितलं. वीस वर्षांपूर्वी पाण्याची फार ओढ लागली तेव्हा वस्तीतल्या कोणीतरी सरकारी नकाशा आणला, त्यात इथे विहीर दिसली. जुनी विहीर बुजली असणार, असं ठरवून सगळे खणायला लागले. दोन उन्हाळे, अकरा माणसं. तीस हातांवर पाणी नाही म्हणून काही जण थांबायला निघाले, पण नकाशात आहे म्हणजे खाली असणारच, म्हणून पन्नास हातांपर्यंत गेले, आणि तळ कोरडाच निघाला. वाट पडली ती माती वाहून. झाडं लावली ती खणणाऱ्यांना सावली म्हणून. म्हातारा उठला तेव्हा त्याची कंबर सरळ झाली नाही. ती त्या खणण्यातच गेली होती. “सरकारने खोटी कशाला काढली असती?” एवढं तो म्हणाला. रागाने नव्हे. तो अजूनही खरंच विचारत होता.

बसमध्ये मी हिला सगळं सांगितलं. थेंब, ब्लेड, कंपास, चहा, सगळं. तिचं डोकं खांद्यावर आलं नाही. दोन दिवस ती माझ्याशी फक्त औषधांच्या वेळा बोलली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने चहा माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, “तुमच्या बाकीच्या गोष्टी मी पहिल्यापासून निम्म्याच खऱ्या धरत आले. ही एक पूर्ण धरली होती.”

मग ती बाहेर गेली आणि आपल्या खात्याच्या इथल्या कचेरीतून दुरुस्तीचा छापील अर्ज घेऊन आली. तिचं म्हणणं, रोग्याच्या कागदावर चूक झाली तर ती खोडायची नसते, शेजारी खरं काय ते लिहून सही करायची असते. आणि खोडणार तरी काय? विहीर तर आता तिथे आहे. तेव्हा ‘विहीर’च्या पुढे एकच शब्द घालायचा आहे, ‘कोरडी’, म्हणजे पुन्हा पाण्याची ओढ लागली तर कोणी घागर घेऊन एवढं चढणार नाही. अर्जाखाली ‘मूळ आरेखक व मूळ तपासनीस, हयात असल्यास’ अशा दोन जागा आहेत. पहिलीवर मी सही केली आहे. तू हयात असल्याचं वहिनींच्या फोनवरून सिद्ध झालंच आहे. अर्ज सोबत जोडला आहे. यावेळी चष्मा वर करून पाहू नकोस, नीट वाच आणि मग सही कर.

शक्यतो लवकर पाठव. सही आली की त्या म्हाताऱ्याकडे जायचं, असं हिने ठरवलं आहे. त्याला जे काय सांगायचं ते मीच सांगायचं आहे, ती मध्ये एक शब्दही बोलणार नाही. पण ती बरोबर येणार आहे. तेवढं तिने आपण होऊन सांगितलं.