आता लाइन तुटत नाही

झाहले गावाहून, मोठ्या उपवासाचा दुसरा आठवडा

प्रिय धाकट्या भावा नखले,

माता मरिया तुझी पाठराखण करो आणि साओ पावलोच्या दमट हवेत तुझे गुडघे ताळ्यावर राहोत. आम्ही दोघी बहिणी बऱ्या आहोत. युजेनीताईचा रक्तदाब गोळीने आटोक्यात येतो, तोंड कशानेच येत नाही. (पत्र कागदावर आहे, कारण माझा फोन माझ्याआधी ती वाचते. शेजारच्या मार्सेलची लेक तिकडे येतेय, तिच्या हाती धाडते.)

बातमी अशी की घरी नवा राउटर आला. तीन वर्षं दर रविवारी आईच्या दगडी उखळाचा विषय निघायचा आणि नेमकी लाइन तुटायची. ताई म्हणते, तू ते ब्राझीलला नेलंस. तू म्हणतोस, तिने विकलं. (किब्बेचं मांस आता यंत्रात वाटतात, भांडण मात्र तुम्ही अजून हातानेच कुटता.) येत्या महिन्यात तिची पंचाहत्तरी. सगळी भाचरं एकदम लाइनवर येणार, म्हणून तिच्या लेकीने दुबईहून हा राउटर आणि आम्हाला नवे फोन धाडले.

गल्लीला इंटरनेट पुरवणारा अबू मिलाद तो बसवायला आला. मी म्हटलं, “जुन्यात काय वाईट होतं?”

“मादाम, जुना म्हणजे भट्टीवाला म्हातारा इलियास. हा त्याचा मुलगा.”

मला लगेच उमगलं. आठवतं, आपण रोट्यांवर पसरायच्या झातर मसाल्याची वाटी घरून घेऊन भट्टीवर जायचो? म्हातारा एका घराच्या रोट्या काढून मगच दुसऱ्याच्या घ्यायचा, फावडं अर्धं रिकामं असलं तरी. मुलाने एकाच फावड्यावर तुमच्या दोन, आमची एक, पाद्रीबुवांच्या चार अशा घ्यायला सुरुवात केली, ज्याच्या त्याच्या बोटाची खूण करून. भट्टी तीच, आग तीच, रांग मात्र गेली. हा राउटर तसाच एका फेरीत सगळ्यांना थोडं थोडं वाढतो. जुना तर शेजारचा राउटर कुजबुजला तरी गप्प बसायचा, सिस्टर क्लोतिल्दच्या वर्गातल्या मुलीसारखा. नवा परक्या घराची खूण ओळखतो आणि दुरून आलेल्या कुजबुजीकडे दुर्लक्ष करून आपलं काम चालू ठेवतो. (मार्सेल शेजारी असताना मला हे चर्चमध्ये पन्नास वर्षांत जमलं नाही.) शिवाय फोनला ठरलेली वेळ देऊन तोवर झोप म्हणतो, म्हणून त्याची बॅटरीही टिकते. इतकं शहाणपण आणि आवाज म्हणून नाही. मी येता-जाता त्याच्याकडे कौतुकाने बघते.

गेल्या रविवारी तुझं चित्र पहिल्यांदा स्वच्छ दिसलं. एरवी तू चौकोन-चौकोन असायचास आणि चौकोनाला वय नसतं. बोलणं झाल्यावर ताई म्हणाली, “नखले किती म्हातारा झाला गं.” आणि कांदे नसताना कांदे चिरायला स्वयंपाकघरात गेली.

तुझी बहीण,
ओडेट

ता. क. जुन्या राउटरचा काही दोष नव्हता. तुम्ही उखळावर आलात की मीच वायर ओढायचे आणि वीजकपातीवर ढकलायचे.

ता. क. दुसरा: अबू मिलादने नवा राउटर छताजवळ ठोकलाय, वर बॅटरीही जोडलीय. माझा हात पोचत नाही. तेव्हा पंचाहत्तरीच्या दिवशी उखळ हा शब्द काढू नकोस. पत्र लिहिलं ते एवढ्यासाठीच.

ता. क. तिसरा, माझ्या हातचा: नखले, ओडेटने पाकीट कणकेने चिकटवलं होतं, सुटलं. वायर ती ओढते हे मला पहिल्या रविवारपासून ठाऊक आहे. तुझा आवाज ऐकून मला रडू यायला लागलं की मी उखळाचं काढायचे. ती लगेच वायर ओढायची आणि माझी सुटका व्हायची. आता हे यंत्र तुटतच नाही. त्या दिवशी काय बोलायचं ते तूच ठरवून ये. युजेनी.