सर्पदंशाचा नंबर

शहापूर, मंगळवार संध्याकाळ

तालुक्याच्या आरोग्य-सुरक्षेला असलेल्या धोक्यांची वार्षिक यादी मी दरवर्षी नुसतं साल बदलून टाइप करतो. सर्पदंश कायम नववा. आजच्या बैठकीत डोळखांबच्या आशा कार्यकर्त्या मंदाताई मांडीवर तोंड बांधलेली पिशवी घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, ‘‘सायेब, साप पाड्यावर चावतो नि इंजेक्शन शहापुरात. नंबर वर घ्या.’’

आमचे तालुका आरोग्य अधिकारी साहेब म्हणाले, ‘‘बघू.’’

पाचच मिनिटांत टेबलाखालून धामण निघाली. मी टेबलावर, साहेब खुर्चीवर! तिथूनच ओरडले, ‘‘पहिला घ्या, पहिला!’’

ताईंनी धामण शेपटीला धरून उचलली. ‘‘बिनविषारी हाय, काय नाय करत.’’

खाली उतरलो तर पिशवीचं तोंड सुटलेलं. विचारावं का? नाही विचारलं. नववा नंबर माझ्याच हातचा ना!

जाताना ताई म्हणाल्या, ‘‘भाऊ, बिबट्या कितवा हाय?’’

मी मुकाट्याने दुसरा केला.