न फोडता उतरलेल्या बांगड्या

लिहून ठेवते ऐसे जे, मी रोशनबी हुसेन मणेर, धंदा बांगड्यांचा, राहणार शनिवार पेठ, करवीर, पूर्ण शुद्धीत आहे. माझ्यावर कोणी जोर केलेला नाही. तसा माणूस अजून जन्माला यायचा आहे. उद्याच्या गाडीने मी छातीतली गाठ काढून घ्यायला मिरजेस जाते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लवकर आलात, बऱ्या व्हाल." तेव्हापासून माझे पाय जमिनीवर ठरत नाहीत! तरी वेळ सांगून येत नाही, म्हणून हे मृत्युपत्र.

घराचे हिस्से शरियतीप्रमाणे वारसांना मिळावेत. शरियतीनेच मिळकतीचा एक तृतीयांश माझ्या मर्जीचा, तो असा.

दीर इलाही म्हणाले, "बाईमाणसानं डाक्टरला अंग दाखवायचं न्हाय." त्यांना दुकानातला आरसा द्यावा. त्यात त्यांनी रोज आपले तोंड पाहावे.

हा रोग वरच्या आळीत होतो, ओढ्याकाठीही होतो. वकिलांच्या विमलाबाई गाठ वाटाण्याएवढी असतानाच दवाखान्यात गेल्या. सोन्याच्या पाटल्या सरकवून काढल्या आणि टेबलावर निजल्या. आज त्या लोणची घालतात. ओढ्याकाठची अंबूबाई कातडी कमवायला जाई. एक खाडा झाला की चूल थंड. गाठ लिंबाएवढी झाली तेव्हा कुठे दाखवायला गेली, तर एका दवाखान्यात म्हणाले, आधी काचेच्या बांगड्या फोडा. नवरा जिता असताना कोण फोडील? ती तशीच परत आली आणि वर्षात गेली. मला हाक मारली नाही, हा राग अजून माझ्या पोटात आहे.

सबब बांगड्यांची पेटी व धंदा माझी सून नजीरा हिला. अट एकच. ओढ्याकाठची बाई दवाखान्यात निघाली की हिने सोबत जावे, साबण लावून बांगड्या अखंड उतरवाव्यात, बरी झाल्यावर त्याच भराव्यात. माझ्या मर्जीच्या हिश्शातल्या बाकीच्या रकमेतून त्या बाईचे गाडीभाडे व बुडालेली मजुरी द्यावी.

अंबूबाईची लेक धोंडुबाई हिलाही गाठ आहे. तिला विचारून लिहिते. काल म्हणाली, "मालक हाईत की गं. काच फुटली तर?" मी म्हटले, "फोडतंय कोण? हात दे की!" सगळ्या उतरवल्या, एकीलाही तडा नाही. मनगट मोकळे नको म्हणून हळदीचा दोरा बांधला. आम्ही दोघी आधी रडलो, मग खूप हसलो.

तिला या पत्राने काही देता येत नाही, कारण ती साक्षीदार आहे. तिच्या बांगड्या माझ्या पेटीत आहेत आणि उद्या गाडीत ती माझ्याशेजारी बसणार आहे.

करवीर, ता. १२ माहे नोव्हेंबर १९१२.

रोशनबी हुसेन मणेर, निशाणी बांगडी.
हस्ताक्षर व साक्ष : यज्ञेश्वर, पेठेतले लेखनिक.
साक्ष : धोंडुबाई केरबा, निशाणी बांगडी, अखंड.