नमुन्याला ताईचा फोटो

सोमवार, ३
लागली बाई नोकरी एकदाची! निघताना ताईने डोळे पुसले आणि वर मलाच रडूबाई म्हणाली. आई-बाबा गेल्यावर मला वाढवलं तिनेच, म्हणून ऐकून घेतलं.

काम सोपं आहे. कंपनीच्या वेबपेजवर माणसांचे चौकोन आहेत. प्रत्येकात फोटो, नाव, वय, काम. जावास्क्रिप्ट या पेजच्या भाषेतल्या चार ओळींत नवा चौकोन तयार करायचा, मजकूर भरायचा आणि पेजला जोडायचा. साहेबांना सगळे मास्तर म्हणतात. त्यांनी बसायलाही सांगितलं नाही. करून बघताना खोटी नावं वापर, घरचं माणूस पेजवर आणायचं नाही, एवढंच बोलले. शेजारच्या खुर्चीतल्या बाई माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू मी त्यांचं काही चोरलंय.

मंगळवार, ४
खोटी नावं कोण शोधत बसणार? ताईचा फोटो होताच, तोच टाकला. वय एकतीस. काम : धाकटीवर ओरडणे. चौकोन झकास उमटला, मला हसू आवरेना. जमतंय म्हटल्यावर एका ओळीत काढून टाकला.

संध्याकाळी घराला कुलूप. ताई अजून आलेली नाही. फोन नाही, काही नाही. येऊ दे, बघतेच तिच्याकडे.

बुधवार, ५
तिची खाट नाही. कपडे नाहीत. फोनमध्ये नंबरसुद्धा नाही. समोरच्या मावशींना विचारलं तर म्हणाल्या, कोण ताई? तू एकटीच तर राहतेस. मी त्यांच्या अंगावर धावून गेले.

मास्तर म्हणाले, सांगितलं होतं ना. बाई चक्क हसल्या. मेल्यांना ठाऊक होतं! आधी नीट सांगायला काय झालं होतं?

गुरुवार, ६
ऑफिसच्या फोल्डरमध्ये फोटो तेवढा शिल्लक होता. तोच चौकोन पुन्हा तयार केला, जसाच्या तसा, आणि जोडला. धावत घरी आले.

ताई स्वयंपाकघरात उभी होती. मी मिठीच मारणार होते, तर ती ओरडली. ओरडतच राहिली. चेहऱ्यावर मात्र फोटोतलंच हसू. हात लावायला बाजूने गेले, तर तिला पाठ नव्हती. फोटोत पाठ कुठे होती, आणि ओरडणे एवढंच मी लिहिलं होतं ना.

शुक्रवार, ७
आणखी भरायला हवं. आज दिवसभर तिच्या चौकोनात एकेक आठवण जोडणार आहे. तापात रात्रभर मांडीवर घेऊन बसायची. माझी वेणी घालताना गुणगुणायची. मला लाडाने काय म्हणायची ते.

घरी आले तर तिला पाठ होती. ओरडणं थांबलं होतं. तिने मला कुठल्याशा लाडाच्या नावाने हाक मारली, आणि मी — ते नाव मी पहिल्यांदाच ऐकत होते.

शनिवार, ८
बाईंना पकडून विचारलं. म्हणाल्या, आधीपासून असलेली वस्तू, माणूस काय नि आठवण काय, दुसरीकडे जोडली की जुन्या जागेवर राहत नाही. इथून उठते, तिथे बसते. दोन्हीकडे नसते. त्यांनी मुलगा असाच परत आणलाय. तो रोज जेवायला वाढतो आणि त्या त्याला ओळखत नाहीत.

म्हणजे ताई पुरी होईल. फक्त माझ्याकडे —

अर्धी ठेवू तिला? डोळ्यांत अजून काहीच नाही तिच्या. नाही. तिने माझ्यासाठी काय कमी केलं? काय केलं बरं — ते कालच जोडलं वाटतं.

रविवार, ९
ऑफिसात आलेय. शेवटचं राहिलंय. ती माझी बहीण आहे, एवढंच. भीती वाटतेय गं. जोडते —

रविवारच
घरात कुणीतरी बाई आहे. किल्ली आहे तिच्याकडे. कसलंसं नाव घेऊन हाका मारतेय, रडतेय. मी खोलीची कडी लावलीय, टेबल लोटलंय दाराला. मागची पानं वाचली. अक्षर माझ्यासारखं, पण मी नाही लिहिलेलं. मला बहीण नाही. तिनेच लिहिलं असणार, मला फसवायला —

म्हणतेय, दार उघड, मी आहे.

मावशींना फोन केला. येतायत शेजारचे लोक. काठ्या घेऊन या म्हटलं. आता ती ओरडतेय, माझ्यावर नाही, त्यांच्यावर — तिला हात लावू नका म्हणतेय — काठ्या बघून तिला वाटतंय, मलाच मारायला आलेत — मला वाचवायला म्हणून मध्ये —