पिवळी कलेजी

मंगळवार, संध्याकाळ

गुरांच्या डॉक्टरांनी आज आपली मेलेली कोंबडी फाडून दाखवली. कलेजी पिवळी, बोट लावताच भुगा. भिजून बुरशी आलेला मका सासूबाईंनी धुऊन, उन्हात वाळवून कोंबड्यांना घातला होता. बुरशी गेली, पण विष दाण्यातच राहतं म्हणे. आतड्यातून रक्तात, तिथून कलेजीत. "दाणा बदला, बाकीच्या कोंबड्यांतलं विष हळूहळू विष्ठेतून निघून जाईल," डॉक्टर म्हणाले. "थोडं अंड्यातही उतरतं."

बाळंतपणाला आलेल्या नणंदेला सासूबाई रोज घरचीच अंडी देतात. बाजारच्या अंड्यांवर त्यांचा भरवसा नाही. "तिले सांगू नको," एवढंच म्हणाल्या. काऊन नको?

आत्ताच नणंद म्हणाली, "वहिनी, उद्या दोन उकडजो वो." ती पिवळी कलेजी डोळ्यांपुढून हलत नाही. पोटातल्या बाळाची केवढी असेल?