पुढे बारा, मागे चौदा

९ जानेवारी
दादाची गाडी आजपासून माझ्याकडे. वहिनीने किल्ली हातात ठेवली आणि एकच अट घातली, मुंगीला रोज शाळेत सोडायचं. मुंगी म्हणजे दादाची मुलगी, वय वर्षं आठ. मी म्हटलं, त्यात काय, शाळा माझ्या ऑफिसच्या वाटेवरच आहे. नाहीये. उलट्या दिशेला आहे. पण मनावर घेतलं तर आहे.
दादाला जाऊन तीन महिने झाले. मी सावरलोय. इतक्या लवकर कसा सावरलो याचं लोकांना नवल वाटतं.
संकल्प: महिन्यातला एक रविवार गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर न्यायची, दादा न्यायचा तशी. यात भावनेचा काही संबंध नाही. इंजिनाला बरं असतं.

१२ जानेवारी
रोजची शाळा आणि रविवारचा ट्रॅक, दोन्ही एकाच गाडीत. म्हणजे अ‍ॅडजस्टेबल सस्पेन्शनला पर्याय नाही. त्यात गाडीची उंची कमीजास्त होते, आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर एक गोल नॉब असतो. आवळला की गाडी कडक, सैल केला की मऊ. दर टप्प्याला क्लिक असा आवाज. सकाळी मऊ, रविवारी कडक, इतकं सोपं.
तीन दिवसांत एकोणचाळीस व्हिडिओ पाहिले. आता या विषयात मला कुणी काही शिकवेल असं वाटत नाही.

१५ जानेवारी
मेकॅनिककडे गेलो. हा दादाचा जुना मेकॅनिक. प्रश्न फार विचारतो म्हणून दादाने त्याचं नाव मास्तर ठेवलं होतं. खरंच विचारतो. गाडी रस्त्यावर किती चालणार, ट्रॅकवर किती? म्हटलं, निम्मं निम्मं. आजवर ट्रॅकवर किती वेळा गेलात? म्हटलं, तत्त्वतः बऱ्याचदा.
त्यांनी तीन प्रकार समजावले. एक रोजच्या रस्त्याचा, मऊ. एक मधला. तिसरा शर्यतीचा, त्यात रस्त्यावरचा खडासुद्धा बसल्या जागी कळतो. पहिला घ्या म्हणाले. जिथं जास्त वेळ जाणार, त्याच्यासाठी घ्यावं. उरलेल्या दोन तासांसाठी बाकीचा महिना पाठ कशाला मोडून घ्यायची? मी म्हटलं, विचार करतो. बाहेर येऊन विचार केला. आत जाऊन शर्यतीचा सांगितला.
निघताना मास्तर म्हणाले, साहेबांबरोबर तुम्ही कधी दिसला नाहीत ट्रॅकवर. म्हटलं, दर वेळी काही ना काही काम निघायचं. खरंच निघायचं.

२४ जानेवारी, संध्याकाळ
सस्पेन्शन बसलं. गाडी चार बोटं खाली आली आहे, काय दिसते! सोसायटीच्या गेटच्या स्पीडब्रेकरला पोट घासलं. स्पीडब्रेकर चुकीचा बांधलाय.
बॉनेटखाली एक जुनी पांढरी चिकटपट्टी सापडली. दादाचं अक्षर. पुढे १२, मागे १४. बॉनेट लगेच लावून टाकलं. उशीर होत होता. कशाला, ते आता आठवत नाही.
सेटिंग केलं. आधी चारही नॉब पूर्ण सैल केले, मग तिथून मोजत आवळले. पुढे वीस क्लिक, मागे अठरा. एकोणचाळीस व्हिडिओंची सरासरी.

२५ जानेवारी, सकाळी ७
खात्री करावी म्हणून नॉब शेवटपर्यंत आवळत मोजले. पुढे बारा. मागे चौदा.
दुसऱ्या बाजूचे मोजले. बारा. चौदा.
संध्याकाळी वीस आणि अठरावर परत आणून ठेवलं.

२६ जानेवारी, सकाळी ६:४०
बारा. चौदा. पार्किंगला कुलूप होतं, किल्ली माझ्या उशीखाली. घाबरलो नाही. फक्त जिने जरा भराभर चढलो.
मुंगी गाडीत मागेच बसते, पुढची सीट मोकळी. आज तिला झेंडावंदनाला नेलं तेव्हा गाडी वळवताना त्या सीटकडे पाहायचं टाळलं. आरशात पाहून भागतं.

२९ जानेवारी
पाच दिवस, पाच वेळा, तेच दोन आकडे. मी विज्ञान शिकलेला माणूस आहे. सगळ्या शक्यता तपासल्या आणि एकच उरली. दादाला गाडी अशी हवी आहे.
एकदा मान्य केलं की भीती जाते. आता रोज सकाळी चाकाशी उकिडवं बसून, मोजायच्या आधी, दोन शब्द बोलतो. ऑफिसातलं, घरातलं. आज त्या रविवारचा विषय काढला. १२ ऑक्टोबर. त्याने फोन केला होता, चल ना आज, नुसता बाजूला बस. मी म्हटलं होतं, एसी सर्व्हिसिंगवाला यायचाय. आज त्याला सांगितलं की तो आला नव्हता. म्हणजे मी बोलावलंच नव्हतं. पलंगावर पडून मिक्सरचे रिव्ह्यू बघत होतो. आमच्याकडे मिक्सर आहे.
मंगळवारी तो गेला. ऑफिसच्या जिन्यात. छातीत कळ.
बायको दूध आणायला खाली आली होती, तिने ऐकलं. टायरशी बोलतोयस का, म्हणाली. म्हटलं, हवा चेक करतोय.

२ फेब्रुवारी
आज मुंगीला शाळेच्या अलीकडच्या चौकात उलटी झाली. नाश्ता जड झाला असणार. तोंड पुसताना तिने विचारलं, काका, ही गाडी उड्या मारायची कधी थांबणार? मी तिला समजावलं की या उड्या नव्हेत, याला फीडबॅक म्हणतात.
ती म्हणाली, बाबा आधी सांगायचे. स्पीडब्रेकर आला की म्हणायचे, मुंगे, पोट धर.
म्हटलं, मीपण सांगेन. पुढच्या स्पीडब्रेकरला सांगायचं राहिलं. गिअर बदलायचा होता.

५ फेब्रुवारी
रविवारी ट्रॅक आहे, म्हणून गाडी मास्तरांना दाखवली. बोलता बोलता नॉबची गोष्ट निघाली. सांगणार नव्हतो, सांगितली. रोजची वेळ, कुलूप, किल्ली, सगळं.
मास्तर हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, संध्याकाळी सैल टोकापासून मोजता ना? हो. आणि सकाळी आवळत, कडक टोकापर्यंत? हो. मग त्यांनी हात पुसत सांगितलं की एकूण क्लिक बत्तीस असतात. वीस आणि बारा, बत्तीस. अठरा आणि चौदा, बत्तीस. कुणी हात लावलेला नाही.
मी म्हटलं, आणि ती चिकटपट्टी? तर म्हणाले, ते पान्याचे नंबर. पुढच्या नटांना बारा नंबरचा पाना, मागच्यांना चौदाचा. साहेब दर वेळी विसरायचे, म्हणून मीच लिहून ठेवायला लावलं. जुन्या सस्पेन्शनला तर नॉबच नव्हता.
हायसं वाटायला हवं होतं. घरी येऊन पार्किंगमध्ये पुन्हा एकदा मोजले. बारा. नुसते क्लिक होते.

८ फेब्रुवारी, रविवार, दुपारी १
ट्रॅकवरून लिहितोय. गाडी उत्तम. सगळं कडक ठेवलंय. मला नवशिक्यांच्या गटात टाकलं, कारण माझ्या पातळीचा वेगळा गट नव्हता. शेजारी शिकवणाऱ्या बाई बसल्या. चौथ्या वळणावर त्यांनी विचारलं, सरळ रस्त्यावर ब्रेक का दाबताय? म्हटलं, टायर गरम करतोय. एक कुटुंबवत्सल गाडी आम्हाला ओलांडून गेली. तिच्या मागच्या काचेवर सावलीची जाळी होती. बाई म्हणाल्या, सस्पेन्शन छान आहे, फक्त अजून त्याची गरज पडलेली नाही.

दुपारी २:३०
शेवटच्या राउंडआधी सही करायला ऑफिसच्या खिडकीशी गेलो. तिथल्या कारकुनाने आडनाव वाचून विचारलं, त्या साहेबांचे कोण तुम्ही? म्हटलं, भाऊ. धाकटे का, म्हणाला, आणि स्वतःहून रजिस्टरची पानं मागे उलटवून दाखवली. १२ ऑक्टोबर. ड्रायव्हरच्या रकान्यात दादाची सही. शेजारी बसणाऱ्याच्या रकान्यात दादाच्याच अक्षरात: धाकटा भाऊ. त्यावर एक आडवी रेघ.
कारकून म्हणाला, ते सकाळी आल्या आल्या नाव लिहायचे. मग फोन करायचे. मग खोडायचे. दर वेळी. आम्ही म्हणायचो, आधी फोन करा, मग लिहा. तर म्हणायचे, असू दे हो, एखाद दिवस येईल.
मी बाकीची पानं पाहिली नाहीत. वेळ होता.
गाडीत बसून राहिलो. शेवटचा राउंड बाकी होता, माझा नंबर पुकारत होते. गेलो नाही. डोळ्यांत ऊन जात होतं. गाडी सावलीत उभी होती.

९ फेब्रुवारी, सोमवार
पहाटे उठून चारही नॉब पूर्ण सैल केले. या बाजूने मोजा नाहीतर त्या बाजूने, आता शून्यच. मास्तरांना फोन करून पहिला प्रकार, मऊवाला, मागवायला सांगितला. ते एवढंच म्हणाले, बरं.
सात वाजता वहिनीकडे गेलो. तिने चहा दिला आणि जरा अवघडून सांगितलं की मुंगीला आजपासून स्कूलबस लावली आहे. तुमची धावपळ होते, म्हणाली. मी म्हटलं, छे, धावपळ कसली. मग म्हटलं, पण बरंच झालं, ऑफिसला आता वेळेवर पोचेन.
मुंगीला बसपर्यंत सोडायला मी गेलो. चालत, तीन मिनिटांचं अंतर. तेवढ्यात तिने वर्गातल्या एका मुलीचा दात कसा पडला, तो डब्यात कसा सापडला आणि तो नक्की कुणाचा यावर दोन मुलींची भांडणं कशी झाली ते सगळं सांगितलं. महिनाभर रोज अर्धा तास गाडीत होती, तिथं एवढं कधी बोलली नव्हती. मी तेव्हा फीडबॅक ऐकत होतो.
बस आली. मी हात केला. ती खिडकीत मैत्रिणीशी बोलण्यात गुंगली होती, तिचं लक्ष नव्हतं. बस कोपऱ्यावरून वळेपर्यंत हात तसाच वर होता. शेजारी उभ्या बाईंनी विचारलं, तुमची कोण? म्हटलं, पुतणी.
ऑफिसला चाळीस मिनिटं उशीर. कारण विचारलं. काही सुचलं नाही.